तीन वर्षांचे रविवार

गेल्या रविवारी दुपारी मी एक गुणाकार केला. कागदावर, पेनाने, हातचे घेत. गुणाकार असा होता:

७,६१,८३,८२,५७,२८७ × १९,३७,०७,७२१

घरात गुणाकार करू शकणाऱ्या निदान चार वस्तू असताना हा उद्योग कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. सांगते. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने हाच गुणाकार फळ्यावर खडूने केला होता, अशी एक गोष्ट आहे. त्याला साधारण किती वेळ लागला असेल ते मला बघायचं होतं. खालच्या संख्येत नऊ अंक, त्यात एक शून्य, म्हणजे ओळी आठच. शिवाय ७ तीनदा येतो आणि १ दोनदा, त्यामुळे खरे गुणाकार चारच: २, ३, ७ आणि ९ चे. बाकीच्या ओळी नुसत्या उतरवून काढायच्या. बेरीज धरून पंचवीस मिनिटांत काम आटोपलं.

मग शाळेतला नऊचा ताळा केला. (शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी: संख्येच्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजेच्या अंकांची परत बेरीज, असं एक अंक उरेपर्यंत.) पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ६४, मग १०, मग १. दुसरीची ३७, मग १०, मग १. १ गुणिले १ बरोबर १. म्हणजे उत्तराचाही शेवटी १ च यायला हवा. माझ्या उत्तराच्या अंकांची बेरीज आली १०८. म्हणजे ९.

चूक आहे हे एका मिनिटात कळलं. कुठे आहे हे कळायला सव्वा तास लागला.

आजचा लेख या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे. मंडळी, हे अंतर वाटतं तितकं साधं नाही. एका संख्येच्या बाबतीत ते २७ वर्षांचं होतं. आणि गेली काही दशकं आपले पासवर्ड, पैसे, ईमेल यांचा बराचसा भार याच अंतरावर उभा आहे.

तर, ती संख्या. २^६७ − १. म्हणजे ६७ दोन एकमेकांना गुणायचे आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. उत्तर येतं:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंक. आपली एकं, दहं, शतं करत जाणारी जुनी मोजदाद अठराव्या घरात परार्धावर संपते. ही संख्या त्याच्याही पुढची, सुमारे १,४७५ परार्ध.

हिची कुंडली सुरू होते १६४४ मध्ये. मारँ मर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू गणिताचा मोठा शौकीन होता. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्याचा पत्रव्यवहार चालायचा. एकाने लावलेला शोध दुसऱ्याला कळवायचं काम त्याच्या पत्रांनी केलं. मेलिंग लिस्ट म्हणा हवं तर :) त्या वर्षी छापलेल्या एका पुस्तकात त्याने बिनधास्त एक यादी दिली: घात २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असेल तर २ च्या त्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते. २५७ पर्यंतच्या बाकी कुठल्याही घाताला मिळत नाही.

घात स्वतः मूळ संख्या नसेल तर २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या कधीच मिळत नाही, हे सिद्ध करणं सोपं आहे. पण घात मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही. २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. हे १५३६ मध्येच छापून आलं होतं.

मर्सेनने २१ अंकी, ३९ अंकी, ७८ अंकी संख्या तपासल्या कशा? तपासल्याच नाहीत. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. यादी त्याने अंदाजाने दिली होती. पुढे त्यात पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यादीत असायला नको होते; ६१, ८९ आणि १०७ असायला हवे होते. यादीची पूर्ण छाननी व्हायला १९४७ उजाडलं, म्हणजे तीनशे वर्षं लागली. ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा असंही काहींचं मत आहे. असो.

यादीतला ३१ मात्र बरोबर होता. २^३१ − १ म्हणजे २,१४,७४,८३,६४७. ओळखीचा वाटतोय ना? ३२ बिटांच्या चिन्हासकट पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या. ऑफिसात एखादा काउंटर या आकड्यापाशी येऊन एकदम उणे झाला की आपण ज्याला शिव्या घालतो, तोच हा. तो मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये कळवलं. अशा संख्येचा अवयव मनाला येईल तसा असू शकत नाही, हे त्याच्या कामी आलं. घात p असेल तर २^p − १ चा प्रत्येक मूळ अवयव २p च्या कुठल्या तरी पटीपेक्षा एकाने मोठा असतो. २०४७ वर ताडून बघा: २p म्हणजे २२. २३ = २२ + १, आणि ८९ = ८८ + १. शिवाय त्या अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. २३ ची ७, ८९ ची १. म्हणजे सगळ्या संख्यांनी भागून बघायची गरज नाही, थोड्याच उमेदवारांची मुलाखत घ्यायची.

३१ साठी हे जमलं. ६७ साठी उमेदवार इतके उरतात की माणूस थकून जाईल. त्यामुळे मर्सेनचं विधान दोनशे बत्तीस वर्षं तसंच राहिलं. कुणी खोडलं नाही, कुणी सिद्धही केलं नाही.

१८७६ मध्ये फ्रान्सच्याच एदुआर ल्युकासने वेगळाच रस्ता काढला. अवयव शोधायचेच नाहीत! संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारायचं. त्याची पद्धत पुढे १९३० मध्ये लेमरने सुटसुटीत केली. ती आज इतकी सोपी दिसते की मुलाखतीत प्रश्न म्हणून घालता येईल. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर परत तेच. असं घातापेक्षा दोनने कमी वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

२^७ − १ म्हणजे १२७ घेऊ. पाच पायऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य. १२७ मूळ.

आता २०४७. नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. २०४७ संयुक्त.

इथे जरा थांबा. १७३६ कडे बघा. त्यात २३ कुठे दिसतो का? ८९? कुठेच नाही. पद्धत ठामपणे सांगते की ही संख्या फुटते. कशी फुटते याबद्दल चकार शब्द नाही. टेस्ट लाल झाली, स्टॅक ट्रेस नाही!

ल्युकासने याच जातीच्या पद्धतीने २^६७ − १ मूळ नाही हे दाखवलं. म्हणजे १८७६ नंतर जगाला माहीत होतं की या एकवीस अंकी संख्येला अवयव आहेत, निदान दोन तरी आहेत. कुठले, ते कुणालाच माहीत नव्हतं.

माझे आजोबा एका पतपेढीत हिशेबनीस होते. मार्चअखेर ताळेबंद जुळला नाही की ते रात्री उशिरा घरी यायचे. फरक नऊच्या पटीत असेल तर ते जरा खुशीत असायचे, कारण मग बहुतेक कुणीतरी अंक उलटे लिहिलेले असतात. ६३ चे ३६ झाले की फरक २७. निदान काय शोधायचं ते तरी कळतं. फरक तसा नसला की प्रत्येक वही पहिल्या पानापासून. फरक आहे हे सांगायला एक बेरीज पुरते, शोधायला रात्र जाते. ल्युकासनंतर गणितज्ञांची अवस्था साधारण अशी होती. फक्त इथे एक रात्र पुरणार नव्हती.

आता १९०३. ३१ ऑक्टोबर, शनिवार. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध होता. विषय: मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी. कोल तेव्हा ४२ वर्षांचे, सोसायटीचे सचिव, अबोल म्हणून प्रसिद्ध. गोष्ट अशी सांगतात की कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि काही न बोलता २ चा ६७ वा घात हाताने काढू लागले. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात जाऊन दोन संख्या लिहिल्या, माझ्या रविवारच्या त्याच दोन, आणि त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं सारखी आली. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. कुणी प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट एरिक टेंपल बेल या गणितज्ञाने १९५१ च्या एका पुस्तकात सांगितली. १९११ मध्ये आपण कोलना विचारलं होतं की हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असंही बेल लिहितो. कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

रविवारी ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाला हे वाक्य आवडणारच. पण थोडं सावध राहायला हवं. पुस्तक सभेनंतर ४८ वर्षांनी आलं. कोल १९२६ मध्येच वारले होते. आणि गणितज्ञांच्या गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल बेलची ख्याती आहे, त्याच्या बऱ्याच किश्श्यांवर नंतरच्या इतिहासकारांनी शंका घेतली आहे. कोल खरंच एक अक्षर बोलले नव्हते का, टाळ्या खरंच पडल्या का, हे आता तपासता येणार नाही. गोष्टीचा ताळा करायची सोय नसते.

त्यांचा निबंध मात्र डिसेंबर १९०३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. तो उपलब्ध आहे. आणि गुणाकार तर कुणीही करून बघू शकतो.

मग 'तीन वर्षांचे रविवार' या आकड्याचा तरी ताळा करून बघू, असं मी ठरवलं. लहान अवयव १९,३७,०७,७२१. तो १३४ च्या पटीत अधिक १ असायला हवा, आणि आहे: १३४ × १४,४५,५८० + १. म्हणजे १३४ ची एकेक पट घेत गेलं तर तो चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या नंबरावर उभा आहे. ८ च्या नियमाने त्यातले निम्मे आधीच बाद. उरले सव्वासात लाखांच्या जवळपास. एकवीस अंकी संख्येला एकदा भागायला पाच मिनिटं धरा (मला जास्त लागतील), एका रविवारचे आठ तास धरा. होतात साडेसात हजार रविवार. १४४ वर्षं! उमेदवारांतल्या फक्त मूळ संख्या घेतल्या, तरी माझ्या अंदाजाने ८० हजारांच्या वर उरतात. म्हणजे सोळा वर्षं. आणि तेवढ्या मूळ संख्यांची यादी आयती हाताशी हवी, ती वेगळीच.

थोडक्यात काय, कोल एकामागून एक भागाकार करत बसले असते तर तीन वर्षांत झालं नसतं. त्यांनी उमेदवार गाळले. हे तंत्र गाउसच्या काळापासूनचं. एखादा वर्ग घ्या, त्याला आपल्या मोठ्या संख्येने भागा. बाकी लहान आली तर त्या बाकीवरून अवयवांबद्दल एक अट मिळते. आणि प्रत्येक नवी अट उरलेल्यांतले साधारण अर्धे उमेदवार बाद करते. वर ८ चा नियम सांगितला ना, तो असाच येतो. २^३४ चा वर्ग म्हणजे २^६८, आणि २^६८ ला २^६७ − १ ने भागलं की बाकी उरते फक्त २. कोलनी अशा आणखी बाक्या शोधल्या, एकेका अटीची चाळणी एकावर एक ठेवली आणि जे तगले तेवढेच तपासले. म्हणजे त्या रविवारांमध्ये नुसती चिकाटी नव्हती. कुठले भागाकार करायचे नाहीत, हे ठरवण्यात बरेच रविवार गेले असणार.

आज माझ्या लॅपटॉपवर सहा ओळींचा पायथन कोड हे काम सेकंदाच्या आत करतो, तोही चाळणी न लावता, १३४ च्या पटी मोजत मोजत. चहाचा कप उचलेपर्यंत उत्तर हजर. मग वाटतं, त्या तीन वर्षांना काय अर्थ राहिला? या अवयवांचा १९०३ मध्ये कुणाला काडीचा उपयोग नव्हता. ना पूल बांधायला, ना तारायंत्राला.

मला वाटतं, अर्थ असा. ल्युकासचं म्हणणं मान्य करायचं तर हाताने केलेल्या डझनावारी राक्षसी भागाकारांवर विश्वास ठेवावा लागतो. एका ठिकाणी एक हातचा राहिला तर शेवटचं उत्तर निरर्थक, आणि वाचणाऱ्याला ते कळायचा मार्ग एकच, तो म्हणजे सगळं परत करणं. कोलच्या उत्तरासाठी कुणावरही विश्वास ठेवावा लागत नाही. त्यांनी वाटेत कितीही चुका केल्या असोत, त्यांची पद्धत आपल्याला समजो न समजो, शेवटी दोन आकडे समोर आहेत. पाचवीतला मुलगाही गुणून बघेल. शोधायला तीन वर्षं, तपासायला पंचवीस मिनिटं. (आणि माझ्यासारखीला वर सव्वा तास.) बेलची गोष्ट खरी असो वा नसो, म्हणूनच ती पटते. अशा उत्तराला खरंच भाषणाची गरज नसते.

हे अंतर बरीच वर्षं गणितातली एक गंमत म्हणून पडून होतं. १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्याचं कुलूप केलं. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणा, आणि गुणाकार खुशाल चव्हाट्यावर मांडा. तो संयुक्त आहे हे जगजाहीर, अवयव फक्त तुम्हाला माहीत. ज्याला अवयव माहीत तोच निरोप उलगडणार. त्या ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांची एक १२९ अंकी संख्या छापली. तिच्या कुलपात बंद केलेला निरोप उलगडून दाखवणाऱ्याला १०० डॉलर बक्षीस. तेव्हाच्या पद्धतींनी ४० क्वाड्रिलियन वर्षं लागतील असा रिव्हेस्टचा अंदाज होता. म्हणजे ४ वर सोळा शून्यं.

लागली सतरा. १९९३-९४ मध्ये जगभरच्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापल्या ऑफिसातली, विद्यापीठातली मशीन रिकामी असताना कामाला लावली. एकूण साधारण १६०० मशीन, आठ महिने, सगळं समन्वयन ईमेलवर. एप्रिल १९९४ मध्ये ६४ आणि ६५ अंकी दोन अवयव जाहीर झाले. कुलपात बंद असलेला निरोपही उलगडला. त्यात जादूचे शब्द म्हणून एका गिधाडाचं नाव होतं, अर्थ काही नाही. पद्धत होती कार्ल पोमरन्सची वर्गांची चाळणी, १९८१ ची. तिचा गाभा एका ओळीत सांगता येतो: आपली संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडता आली की अवयव सुटतात. २०४७ = ५६² − ३३². म्हणून (५६ − ३३) × (५६ + ३३), म्हणजे २३ × ८९. वर्ग, त्यांच्या लहान बाक्या आणि चाळणी. कोलच्या रविवारांच्याच कुळातलं काम हे, फक्त ६०० घरांत वाटून दिलेलं.

तेव्हापासून दोन्ही बाजू पुढे सरकल्या आहेत, पण सारख्या वेगाने नाही. 'मूळ आहे का?' या प्रश्नाचं काम जवळजवळ संपलं. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी दाखवलं की कुठल्याही संख्येबाबत या प्रश्नाचं खात्रीशीर उत्तर अंकसंख्येच्या बहुपदीइतक्या वेळात देता येतं. कयाल आणि सक्सेना यांनी तेव्हा नुकतं बीटेक संपवलं होतं. 'अवयव कुठले?' यासाठी अशी कुठलीही पद्धत नेहमीच्या संगणकावर आजवर कुणाला सापडलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडली, तिला सुमारे २७०० कोअर-वर्षं खर्ची पडली. आजही बऱ्याच ठिकाणी वापरात असलेली २०४८ बिटांची किल्ली ६१७ अंकी असते.

हे अंतर कायम राहील अशी हमी कुणी दिलेली नाही, हेही सांगायला हवं. अवयव पाडणं मुळातच अवघड आहे हे आजवर सिद्ध झालेलं नाही, आपल्याला जमत नाही एवढंच खरं. पीटर शोरने १९९४ मध्येच दाखवून ठेवलंय की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधता आला तर त्याला हे काम झटपट जमेल. त्या भीतीपोटी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीने नव्या प्रकारच्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. ती अवयवांवर अवलंबून नाहीत.

आणि कोलसारखे लोक? आहेत ना. आजची त्यांची संख्या २^१२७७ − १. अंक ३८५. शेजारची २^१२७९ − १ मूळ आहे हे १९५२ मध्येच कळलं. १२७७ ची मूळ नाही हेही दशकानुदशकं माहीत आहे. पण तिचा एकही अवयव हे लिहीपर्यंत कुणाला सापडलेला नाही. मर्सेनच्या घराण्यात, संयुक्त आहे हे पक्कं पण अवयव बेपत्ता, अशी ही सगळ्यात लहान संख्या. जगभर हौशी लोकांच्या घरची मशीन रात्री तिच्यावर चालतात. उपयोग विचाराल तर तोच, १९०३ मधला.

आता माझी चूक. कोलचं उत्तर मला माहीत होतं, ते शेजारी ठेवलं असतं तर लगेच सापडली असती. पण ती फसवणूक झाली असती, म्हणून बघायचं नाही असं ठरवलं. मग आजोबांच्या पद्धतीने बसले. ताळा १ ऐवजी ९, म्हणजे कुठेतरी एक कमी पडतोय. बहुतेक हातचा. आधी प्रत्येक ओळीचा वेगळा ताळा केला. २ च्या ओळीचा २ यायला हवा, ७ च्या ओळीचा ७, ९ च्या ओळीचा ९. सगळ्या ओळी जुळल्या. म्हणजे गुणाकार बरोबर, चूक बेरजेत. मग उजवीकडून एकेक स्तंभ परत. सहाव्या स्तंभात सापडली. पाचव्यातून आलेला हातचा १ मी घेतलाच नव्हता. ४ च्या जागी ३ पडले होते. माझं उत्तर बरोबर एक लाखाने कमी होतं.

दुरुस्त केलं. अंकांची बेरीज १०९. मग १०. मग १.

घरात टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. चहा मात्र आयता मिळाला. तुम्हीही एखाद्या रविवारी करून बघा, आठच ओळी आहेत. आणि नऊचा ताळा आधी करा, उत्तर मग बघा.